पूर्ण फेरा

आज एक तास मोकळा ठेवा. सकाळचा असेल तर उत्तम. ऊन कोवळं असतं, रस्त्यावर वर्दळ नसते आणि बारीकसारीक आवाज कानाला लागतात. तुमची सायकल जिथे उभी असते तिथे, अंगणात किंवा जिन्याखाली, एक रिकामं पोतं अंथरा. सायकल स्टँडवर घ्या, म्हणजे मागचं चाक जमिनीपासून सुटेल. मोटर बसवलेली असेल तर बॅटरीचा प्लग काढून बाजूला ठेवा. नुसती चावी बंद करून भागवू नका. मग चेनच्या समोर मांडी घालून बसा. पाना, पक्कड, चिंध्या, तेलाची बाटली, फूटपट्टी, सगळं हाताशी असू द्या. पण अजून कशालाही हात लावायचा नाही.

ज्यांच्याकडे अशी सायकल नाही त्यांनी डोळे मिटून बसलं तरी चालेल. चेन सगळ्यांनी पाहिलेली असते. शाळेच्या वाटेवर चेन पडली, ती बोटांनी चढवली आणि काळी झालेली बोटं रस्त्याकडेच्या गवताला पुसली, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणात कुठेतरी आहेच. ती बोटं आठवा. तिथूनच सुरुवात करू.

दोन-चार श्वास नुसते येऊ-जाऊ द्या. चेनकडे बघा, पण काय बिघडलंय ते शोधू नका. कुठे ती तेलकट आहे, कुठे कोरडी, कुठे लालसर गंज धरलेली, कुठे घासून चकचकीत झालेली. आहे तशी बघा. एवढंच.

पुलावरची गोष्ट

माझी सायकल काळी, दांड्याच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची. सांगलीवाडीहून आयर्विन पुलावरून शाळेत शिकवायला जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, हा तिचा आणि माझा वर्षानुवर्षांचा रस्ता. पन्नाशी ओलांडली आणि उजवा गुडघा बोलायला लागला, तेव्हा तिला २४ व्होल्टची, २५० वॉटची मोटर बसवून घेतली. सायकलच्या अंगावर यंत्र चढवण्याची ही कल्पना जुनी आहे. १९४६ साली जपानमधल्या हमामात्सूत सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनलेली छोटी इंजिनं मिळवली आणि साध्या सायकलींना बसवून विकली. आपल्याकडे १९७२ साली आलेल्या लूनालाही पायडल होतं. पेट्रोल संपलं तर पाय मारत घर गाठता यायचं.

माझ्या सायकलीची मोटर मागच्या चाकाच्या खालच्या चिमट्याला दोन क्लॅम्पनी धरलेल्या लोखंडी पट्टीवर बसते. मागच्या हबवर दोन फ्रीव्हील शेजारी-शेजारी आहेत. आतलं पायडलचं, बाहेरचं मोटरचं, दोन्ही १८ दातांची. मोटरच्या तोंडाशी ९ दातांचं छोटं चाक आहे. मोटरच्या गिअरमधून मिनिटाला साधारण ३०० फेरे बाहेर पडतात. ९ दातांवरून १८ दातांवर जाताना ते निम्मे, म्हणजे १५० होतात. चाकाच्या एका फेऱ्याला जवळजवळ सव्वादोन मीटर रस्ता मागे पडतो. हिशेब केला तर ताशी २० किलोमीटर, आणि सपाटीला तेवढाच वेग मिळतो. पाय चालतात तेव्हा मोटरची चेन गप्प असते, मोटर चालते तेव्हा पाय गप्प असतात. चाक मात्र दोघांचं एकच.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पुलाच्या चढाला मोटरची चेन पडली. मी चढवली. दुसऱ्या दिवशी त्याच चढाला पुन्हा पडली. हात लावून बघितलं तर चेन लोंबत होती. ढिली चेन पडते, हे कुणालाही कळतं. मी तिथेच सायकल कठड्याला टेकवली, क्लॅम्पचे नट सैल केले, मोटर पुढे ओढली, चेन ताठ केली आणि नट आवळले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मागून घरघर यायला लागली. पाचव्या दिवशी चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप उडाली आणि सगळी चेन रस्त्यावर सांडली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. तिथल्या काकांनी फ्रीव्हील हातात धरून हलवलं. आतल्या गोळ्या खरखरत होत्या.

“सर, चेन कधी ताणली?” त्यांनी विचारलं.

“चार-पाच दिवसांपूर्वी. पुलावर.”

“ते न्हवं. चाक कुठल्या जागेवर असताना ताणली?”

मला उत्तर देता आलं नाही. चाक जिथे थांबलं होतं, तिथे. त्यापलीकडे मी काही बघितलंच नव्हतं.

“आदी सगळा फेरा बघायचा,” काका म्हणाले, “मग पान्याला हात लावायचा.”

ते वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय. आज आपण बसलोय ते त्याच वाक्यापाशी.

उलटा फेरा

आता चाकाला हात लावा. पुढे ढकललंत तर फ्रीव्हील टिकटिक करेल, चाक फिरेल आणि चेन जागची हलणार नाही. फ्रीव्हीलची ती रीतच आहे. तेव्हा चाक मागे फिरवा. आतले खटके धरतील आणि चाकाबरोबर चेनही मागे चालू लागेल. पायडल उलटं फिरेल, त्याला वाट मोकळी ठेवा. मोटरच्या बाजूने हाताला थोडं जड लागेल. तिचे गिअर आणि चुंबक ओढ देतात. ते जडपण ओळखून ठेवा, म्हणजे उद्या ते वाढलं तर कळेल.

पुढे चालणारी गोष्ट समजून घ्यायची तर ती मागे फिरवून बघावी लागते. क्षणभर यावर थांबा.

ट्यूबचा वॉल खूण म्हणून धरा. वॉल वर आला की एक फेरा झाला. श्वास आत घेताना पाव फेरा फिरवा. श्वास सोडताना चाक थांबवा, आणि ते पुरतं थांबल्यावर मोटरच्या चेनचा खालचा पदर बोटाने वर उचला, मग खाली दाबा. किती हलतो ते बघा. पुन्हा पाव फेरा. पुन्हा थांबा. चेन चालू असताना बोट तिच्याजवळ न्यायचं नाही. नऊ दातांच्या त्या छोट्या चाकाला बोट आणि कडी यांतला फरक कळत नाही.

चार ठिकाणी थांबलात की तुम्हाला एक गोष्ट दिसेल. एका जागी चेन पाऊण इंच हलते. पुढच्या जागी अर्धा इंच. त्यापुढे जेमतेम पाव. मग पुन्हा मोकळी होते. चेन तीच, चाक तेच, नट तेवढेच आवळलेले. आणि तरी ती एका फेऱ्यात कधी सैल आहे, कधी घट्ट.

असं का होतं? फ्रीव्हीलचा मध्य आणि हबचा मध्य तंतोतंत एकावर एक बसलेले नसतात. सायकलवाल्यांच्या भाषेत, फ्रीव्हीलला आऊट असतो. रिमचा आऊट तारा कमी-जास्त आवळून काढता येतो. फ्रीव्हीलचा तसा निघत नाही. थोडा आऊट प्रत्येक फ्रीव्हीलला असतोच, आणि तो धरूनच चेन बसवायची असते.

पुलावर मी काय केलं ते आता स्पष्ट दिसतं. माझं चाक नेमकं सैल जागेवर थांबलं होतं. तिथे मी सगळी ढिलाई काढून टाकली. मग चाक अर्धा फेरा फिरलं आणि घट्ट जागा आली तेव्हा द्यायला काही उरलंच नव्हतं. ती ओढ फ्रीव्हीलच्या गोळ्यांनी सोसली, मोटरच्या बेअरिंगने सोसली, चेन लॉकने सोसली. मिनिटाला दीडशे वेळा.

चाक सावकाश फिरवत राहा. आणि एखादा असा प्रसंग मनात येऊ द्या, जेव्हा तुम्ही कुणाला त्याच्या सैल जागेवर गाठलं होतं. मुलाची एक आळसातली दुपार, बायकोचा किंवा नवऱ्याचा एक विसरभोळा दिवस, हाताखालच्या माणसाची एक चूक. तेवढ्या जागेवर बघून तुम्ही किती आवळलं होतं? त्याच माणसाची घट्ट जागा, म्हणजे त्याच्या कष्टाचे, काळजीचे, ओढाताणीचे दिवस, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर होते का? उत्तराची घाई नाही. चाक फिरतंय, तोवर प्रश्न राहू द्या.

लय

आता डोळे मिटा आणि फक्त हात आणि कान वापरा. चाक मागे फिरवत राहा, या वेळी न थांबता, पण सावकाश. कुठेतरी हाताला जरा अडखळल्यासारखं वाटेल. कुठेतरी ‘टक’ असा बारीक आवाज येईल. तो ऐका, आणि मोजा की तो किती वेळाने परत येतो.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये. एका फेऱ्यात दोनदा येत असेल तर तो मोटरच्या छोट्या चाकात आहे. त्याला ९ दात आणि फ्रीव्हीलला १८, म्हणून ते दुप्पट फिरतं. आणि चाकाचे जवळजवळ चार फेरे झाल्यावर एकदाच येत असेल, तर दोष चेनच्याच एखाद्या कडीत आहे. माझ्या मोटरच्या चेनला आतल्या-बाहेरच्या मिळून ७० कड्या आहेत. ७० कड्या १८ दातांवरून जायला चाकाला चार फेऱ्यांना किंचित कमी फिरावं लागतं. तेव्हा कुठे ती आखडलेली कडी परत येते.

काही खोललेलं नाही, कुठला नट सैल केलेला नाही. नुसत्या लयीवरून दुखणं कुठलं ते कळलं. वैद्य मनगटावर बोटं ठेवून आधी गप्प बसतो, तसे काका चाकापाशी बसतात.

कडी आखडलेली निघाली तर तिच्यावर तेलाचा थेंब सोडा आणि ती दोन्ही हातांनी आडवी, म्हणजे ती एरवी वाकत नाही त्या अंगाला, हळूच इकडे-तिकडे हलवा. बहुतेक वेळा पिनवर घट्ट बसलेली पट्टी तेवढ्याने मोकळी होते. होत नसेल तर ती कडी बदलावी लागते. सत्तर कड्यांची चेन एका कडीपायी फेकायचं कारण नाही.

ही मोजणी मी चाकापाशी शिकलो आणि मग ती दुसरीकडेही कामाला आली. वर्गात माझा आवाज चढायचा. मला वाटायचं, पोरंच वाह्यात आहेत. एक महिनाभर मी फक्त मोजलं. आवाज चढायचा तो रोज, एकदाच, सहाव्या तासाला. म्हणजे दोष पोरांत नव्हता, सकाळी दहाला खाल्लेल्या दोन भाकऱ्यांत होता. तेव्हापासून पाचव्या तासानंतर मी मूठभर शेंगदाणे खातो.

तुमच्याही घरात, तुमच्याही मनात एखादी कुरकुर परत परत येत असेल. आज तिच्यावर उपाय शोधू नका. ती किती दिवसांनी परत येते, एवढंच आठवा. रोज संध्याकाळी येणारी, महिनाअखेरीला येणारी आणि वर्षातून एकदा ठरावीक तिथीला येणारी, या तिघींची मुळं वेगळी असतात.

एक कडी

आता चिंधी घ्या आणि चेनची एकच कडी स्वच्छ पुसा. आजूबाजूची राहू द्या काळी. ही एक चमकली की डोळे तिच्याजवळ न्या.

बाहेरच्या दोन पट्ट्या दिसतील, त्यांना जोडणाऱ्या दोन पिना दिसतील. आतल्या पट्ट्यांमध्ये एक बारीक नळी असते, ती बुश. पिन या बुशच्या आत फिरते. आणि बुशच्या बाहेरून एक सुटं वेटोळं असतं, ते रोलर. दातावर टेकतो तो रोलर. दात रोलरला लागतो, रोलर बुशवर फिरतो, बुश पिनवर. तीन थर, एकात एक.

१८८० साली हान्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला आलेल्या इंजिनिअरने अशा चेनचं पेटंट घेतलं. बुश मधे आल्यामुळे पिनवरचा भार तिच्या लांबीभर पसरला आणि चेनचं आयुष्य वाढलं. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली यांनी मागच्या चाकाला चेन लावलेली रोव्हर सायकल आणली. तुमच्या समोर उभी असलेली सायकल त्याच कुळातली.

रोलर नखाने फिरवून बघा. फिरतो का? मग कडी दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. एक अगदी बारीक खेळ जाणवेल. हा खेळ पिन आणि बुश यांच्या मधे आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी.

आता फूटपट्टी चेनवर ताठ धरा. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा २४ कड्यांचं बरोबर एक फूट व्हायला हवं. चोविसाव्या कडीची शेवटची पिन १२ इंचांच्या रेघेच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश इंच गेली असेल तर वेळ टळून गेली आणि दातही झिजले असणार.

आपण म्हणतो, चेन ताणली. लोखंडी पट्ट्या मात्र होत्या तेवढ्याच लांबीच्या असतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडी थोडी झिजतात. एक अष्टमांश इंच २४ सांध्यांत वाटून बघा, प्रत्येकाच्या वाट्याला १३ शतांश मिलिमीटर येतात. एक-दोन केसांची जाडी. कुठल्याही एका सांध्याकडे बोट दाखवून म्हणता येणार नाही की याने बिघडवलं. सगळ्यांनी मिळून, कणाकणाने, रोज.

चेन लांबली की ती दाताच्या बुंध्याशी न बसता वर चढून बसते, आणि दात एका अंगाने झिजून वाकड्या नखासारखे होतात. छोट्या चाकावर हे आधी होतं. त्याचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या दातापेक्षा दुप्पट वेळा कामाला येतो. शिवाय कडीला १८ दातांवर २० अंशांनी वळावं लागतं, ९ दातांवर तब्बल ४० अंशांनी. ९ दातांचं चाक आपल्याला गोल दिसतं, चेनला मात्र ते नऊ कोपऱ्यांचंच असतं. त्याच्यावरून जाताना तिचा वेग प्रत्येक दाताला सुमारे सहा टक्के कमी-जास्त होतो. मोटरच्या सायकलीची ती बारीक थरथर पायाला जाणवते, ती इथलीसुद्धा असते. म्हणून झिजलेल्या दातांवर नवी कोरी चेन घालायची नाही. जोडी मोडलेली असते, चेन दातांवरून उडत राहते. छोटं चाक आणि चेन एकत्र बदलावीत.

पुसलेल्या कडीवरून अंगठा फिरवा. तिने किती वेळा वाकून, सरळ होऊन, पुन्हा वाकून तुम्हाला घरी आणलंय, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

ओळ

आता सायकलच्या मागे जा आणि उकिडवे बसा. एक डोळा मिटून फ्रीव्हीलवरून पुढे, मोटरच्या छोट्या चाकाकडे बघा. चेन एका रेघेत जाते का? डोळ्यावर भरवसा नसेल तर सुतळीचा तुकडा घ्या, फ्रीव्हीलच्या दातांच्या बाहेरच्या अंगाला लावून पुढे ताणून धरा. सुतळी मोटरच्या चाकाच्या दातांनाही तशीच सपाट लागली पाहिजे. एका टोकाला लागून दुसऱ्या टोकाला फट राहत असेल तर चाक कललेलं आहे.

माझ्या चेनच्या पडण्याचं खरं कारण इथे सापडलं. क्लॅम्प बसवताना पाइपचा रंग जाऊ नये म्हणून मधे जुन्या ट्यूबचा तुकडा घातलेला होता. सपाटीला काही बिघडत नसे. चढाला मोटरने जोर लावला की रबर दबायचं, पट्टी केसभर वळायची, छोट्या चाकाचं तोंड आत जायचं आणि चेन दातांवरून उतरायची. चढ संपला की पट्टी परत जागेवर. म्हणून थांबून बघितलं की सगळं सरळच दिसायचं. ढिली चेन मला दिसली आणि मी ढिलाईलाच दोषी धरलं.

काकांनी रबर काढलं, त्या जागी पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळली, ओळ बघून नट आवळले. मग ऑइल पेंटची एक बारीक पांढरी रेघ ओढली, अर्धी क्लॅम्पवर, अर्धी पाइपवर. “आठ दिवसांनी बघा. रेघ तुटली असली तर क्लॅम्प सरकतोय.” भार नसताना जे लपून राहतं त्यावर त्यांनी असा साक्षीदार ठेवला.

पुढे चेन ताणून नट आवळून झाले की तुमच्या क्लॅम्पवरही अशी रेघ ओढा. हात स्थिर ठेवून, श्वास रोखून. वाळेपर्यंत बसून राहा.

मोकळीक

आता पाना उचला.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पायडलची चेन, मग मोटरची. पायडलची चेन चाक मागे-पुढे सरकवून ताणतात, आणि चाक सरकलं की दोन्ही चेनचा ताण बदलतो. मोटर सरकवली तर तिच्या एकटीच्याच चेनचा बदलतो. म्हणून जे दोघींना लागतं ते आधी ठरवायचं, जे एकीलाच लागतं ते नंतर. उलट केलंत तर एक बसवताना दुसरी बिघडत राहील आणि सकाळ तिथेच संपेल.

चाक चिमट्याच्या मधोमध आहे ना, बघा. दोन्हीकडची फट सारखी हवी. एक्सलचे नट एकदम एका बाजूचा पूर्ण आवळू नका. थोडा इकडचा, थोडा तिकडचा.

मग मोटरच्या चेनकडे या. चाक उलटं फिरवत मघाची घट्ट जागा शोधा. तिथेच थांबा. आता पट्टीचे नट सैल करा, मोटर सरकवा, आणि खालचा पदर वर-खाली मिळून साधारण अर्धा इंच हलेल एवढी मोकळीक ठेवा. सर्वांत घट्ट जागेवर अर्धा इंच. बाकी जागांवर ती आपोआप थोडी जास्त असेल, ते चालतं.

नट आवळा आणि पुन्हा एक पूर्ण फेरा बघा. नट आवळताना मोटर किंचित सरकते, तेव्हा मघाचं मोजमाप आता खरं असेलच असं नाही. वाटल्यास पुन्हा सैल करा, पुन्हा बसवा. तीन वेळा लागले तरी हरकत नाही.

चेन लॉकही बघून घ्या. क्लिपचं बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला हवं, उघडी बाजू मागे. मग वाटेत काही घासलं तरी क्लिप आत दाबली जाते, निघून जात नाही.

आता पाना खाली ठेवा आणि तो अर्धा इंच बोटाने हलवून बघा. वर, खाली. वर, खाली. ही जागा रिकामी दिसते, पण चाकाचा आऊट इथेच सामावतो, खड्ड्यातला हिसका इथेच जिरतो. तुमच्या दिवसात असा अर्धा इंच कुठे आहे? सर्वांत ओढग्रस्त दिवशी सुद्धा उरेल असा? सुटीच्या दिवशीची मोकळीक मोजू नका. घट्ट जागेवरची मोजा.

तेल

आता तेल. चेन आधी चिंधीने कोरडी पुसून घ्या. फार मळलेली असेल तर उतरवून डिझेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा आणि पुरती वाळू द्या. हे काम बॅटरीपासून आणि चुलीपासून लांब, उघड्यावर.

मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. सत्तर कड्या, सत्तर थेंब. बाटली घेऊन चेनवर ओतली तर काम मिनिटात होतं, पण तेल हवं असतं आत, पिन आणि बुशच्या मधे. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी घासते.

एक थेंब सोडा, एक श्वास घ्या, पुढची कडी. मधेच मोजणी चुकली तर चुकू द्या. चेन लॉकपासून सुरुवात केलीत तर तोच परत समोर आल्यावर फेरा पुरा झाल्याचं कळेल. सगळ्या झाल्या की दहा मिनिटं काही करू नका. तेल आपल्या पायांनी आत जातं. मग कोरड्या चिंधीत चेन हलकेच धरून चाक उलटं फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हात लावला तर बोटाला जेमतेम लागेल, एवढंच बाहेर राहिलं पाहिजे.

पहिले ७८ मीटर

बॅटरीचा प्लग लावा. सायकल स्टँडवरून उतरवा. हात धुवा, पण नखांतली काळी रेघ राहिली तर राहू द्या.

मघाशी आपण चाकाचा एक फेरा बघितला, मग चेनचा बघितला. अजून एक फेरा राहिलाय. आत्ता एखादी कडी फ्रीव्हीलच्या एखाद्या दातावर टेकलेली आहे. मोटर चालू राहिली तर तीच कडी त्याच दातावर परत कधी येईल? ७० कड्या आणि १८ दात यांचा हिशेब मांडला तर चेनचे ९ फेरे आणि चाकाचे ३५ फेरे व्हावे लागतात. मोटरचं छोटं चाक तेवढ्यात ७० वेळा फिरतं, आणि सगळे जण पहिल्या जागी एकत्र येतात. रस्त्यावर हे अंतर साधारण ७८ मीटर भरतं. तेवढ्यात ज्या घट्ट जागेची ज्या सैल जागेशी गाठ पडायची, ती एकदा पडून जाते.

म्हणून आज बाहेर पडल्यावर पहिले ७८ मीटर काही ठरवू नका. आमच्या गल्लीत ते काकांच्या दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचं अंतर आहे. मोटर सावकाश चालू ठेवा, पाय स्थिर ठेवा आणि ऐका. एखादा आवाज आला तर नोंद घ्या, भुवया उंचावू नका, ब्रेक लावू नका. तो परत येतो का, किती वेळाने येतो, ते कळू द्या.

मी आता रोज सकाळी हे करतो. टाकीपर्यंत पोचलो की चेनचं मला कळलेलं असतं. बहुतेक दिवशी काहीच करावं लागत नाही, आणि मी तसाच पुढे पुलाच्या चढाला लागतो.